गुरुवारची सुट्टी, बुधवारची मुदत : नोकरी सांभाळून बारा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स

पिंपरी-चिंचवड, भोसरीच्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार सगळीकडे एकदम पडू नये म्हणून औद्योगिक पट्ट्यांना वेगवेगळे वार वाटून दिले गेले, तेव्हापासूनची ही पद्धत. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाच्या कोर्सची साप्ताहिक असाइनमेंट भरायची मुदत बहुतेक वेळा बुधवारी रात्री ११:५९ ला संपते. म्हणजे सुट्टी उजाडायच्या आधी अवघा एक मिनिट. क्वालिटी विभागातल्या आम्ही काही जणांनी खरगपूर आयआयटीचा 'सिक्स सिग्मा' (उत्पादनातले दोष आकडेवारीच्या आधारे कमी करण्याची पद्धत) हा बारा आठवड्यांचा कोर्स शिफ्ट सांभाळून पूर्ण केला. त्यात सगळ्यात आधी सोडवावे लागलेले गणित हेच होते.

"कधीही शिका, कुठेही शिका" हे व्हिडिओंच्या बाबतीत खरे आहे. व्हिडिओ रात्री दोनला पाहा, बसमध्ये पाहा, चार वेळा पाहा. पण असाइनमेंटची मुदत, परीक्षेच्या नोंदणीची तारीख आणि परीक्षेचा दिवस या तीन गोष्टी हलत नाहीत. ज्यांनी कोर्स अर्धवट सोडला, त्यांच्यातल्या बहुतेकांचा विषय कच्चा नव्हता. या तीनपैकी एक तारीख हुकली आणि मग मन उडाले.

आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीने मिळून २००३ मध्ये एनपीटीईएल सुरू केले. तेव्हा फक्त व्याख्याने मिळत. परीक्षा आणि प्रमाणपत्र असलेले कोर्स २०१४ पासून आले, आणि २०१७ पासून केंद्र सरकारच्या 'स्वयम' पोर्टलवरून नावनोंदणी होते. 'स्वयम'वर इग्नू, यूजीसी, बंगळुरूचे आयआयएम अशा इतरही संस्थांचे कोर्स आहेत आणि त्यांचे गुणांचे व परीक्षेचे नियम वेगळे आहेत. खाली जे आहे ते एनपीटीईएलच्या कोर्सचे.

कोर्स ४, ८ आणि १२ आठवड्यांचे असतात. साधारण हिशेब असा की आठवड्याला अर्ध्या अर्ध्या तासाची पाच व्याख्याने, म्हणजे अडीच तास. बारा आठवड्यांचे तीस तास. हे झाले नुसते पाहण्याचे. वहीत उतरवणे, गणिते सोडवणे, असाइनमेंट भरणे धरले की आठवड्याला पाच ते सहा तास लागतात. विषय हाताखालचा असेल तर चारात भागते. संख्याशास्त्राचे आठवडे मात्र सात तासांच्या खाली उरकत नाहीत. ज्याला आठवड्याला पाच तास खरोखर मोकळे करता येत नाहीत, त्याने आधी चार आठवड्यांचा कोर्स घ्यावा. दमसास किती आहे ते त्यात कळते.

सत्र निवडताना घरचे आणि कंपनीचे कॅलेंडर समोर ठेवा. जानेवारीत सुरू होणाऱ्या सत्रात मार्चअखेरची डिस्पॅचची धावपळ, मुलांच्या परीक्षा आणि लग्नसराई येते. जुलैच्या सत्रात गणपती, नवरात्र आणि परीक्षेच्या तोंडावर दिवाळी. आम्ही जुलैचे घेतले, कारण मार्चमध्ये आमच्याकडे दोन तासही सलग मिळत नाहीत. गणपतीचे दहा दिवस धरून एक असाइनमेंट सुटणार, हे पहिल्या दिवशीच लिहून ठेवले होते. ती सुटली आणि काहीही बिघडले नाही. का बिघडले नाही, ते गुणांच्या हिशेबात पुढे येईल.

नावनोंदणी पाच मिनिटांत होते, आणि घाईत झालेल्या चुका शेवटपर्यंत पाठ सोडत नाहीत. पहिली चूक ईमेलची. कंपनीचा मेल आयडी देऊ नका. नोकरी बदलली की तो बंद होतो आणि त्यासोबत कोर्सचे खातेही हाताबाहेर जाते. शिवाय परीक्षेची नोंदणी वेगळ्या फॉर्मवर होते आणि तिथे कोर्सला दिलेलाच आयडी लागतो. एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरा पडला, तर असाइनमेंटचे गुण परीक्षेच्या गुणांशी जुळत नाहीत. स्वतःचा, रोज उघडला जाणारा आयडी द्या.

दुसरी चूक नावाची. आधारवर आडनाव आधी, बारावीच्या मार्कशीटवर वेगळा क्रम, लग्नानंतर बदललेले नाव एका कागदावर जुने तर दुसऱ्यावर नवे. आपल्याकडे हा घोळ घरोघरी आहे. परीक्षा केंद्रावर जे ओळखपत्र दाखवणार, त्यावरचेच नाव त्याच क्रमाने परीक्षेच्या फॉर्ममध्ये लिहा. प्रमाणपत्रावर तेच छापून येते. फोटो आणि सही अपलोड करण्याआधी त्यांची मापे पाहून घ्या. मोबाइलने काढलेल्या सहीच्या फोटोत कागदाची सावली येते. पांढऱ्या कागदावर काळ्या पेनने सही करून दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी फोटो काढला की सावली राहत नाही.

तिसरी गोष्ट मेलची. तारखा, बदललेल्या मुदती, दुरुस्त झालेली उत्तरे हे सगळे मेलवर येते आणि जीमेल त्यातले बरेचसे 'प्रमोशन'मध्ये ढकलते. पहिल्याच दिवशी फिल्टर लावून कोर्सच्या नावाचे वेगळे लेबल करा. चर्चामंचाचे मेल शेकड्याने येतात, त्यांचे लेबल निराळे. आम्ही हे दुसऱ्या आठवड्यात केले, तोवर एक मुदतवाढीची सूचना कोणी वाचलीच नव्हती.

आता वेळापत्रक. गुरुवारी सुट्टी असणाऱ्याची पहिली ओढ अशी असते की आठवडाभर व्हिडिओ जमेल तसे बघू आणि सुट्टीच्या दिवशी बसून असाइनमेंट टाकू. इथे ते जमत नाही, कारण सुट्टी उजाडते तेव्हा मुदत संपलेली असते. पण हीच गोष्ट उलटी धरली तर गुरुवारवाल्यांची सोयच आहे. बुधवारी मुदत संपते तेव्हा पुढच्या आठवड्याचे व्हिडिओ आणि असाइनमेंट उघडलेली असते. गुरुवार हा त्या आठवड्याचा पहिला दिवस समजायचा. सकाळी तीन व्याख्याने वही घेऊन, संध्याकाळी उरलेली दोन. शुक्रवार ते रविवार शिफ्टनुसार जमेल तशी उजळणी. सोमवारी असाइनमेंटची पहिली फेरी, मंगळवारी अडलेले प्रश्न. बुधवार पूर्ण मोकळा ठेवायचा, कारण नेमके बुधवारीच लाइन बंद पडते, ऑडिट लागते किंवा पुढच्या पाळीचा रिलिव्हर येत नाही.

थर्ड शिफ्टच्या आठवड्यात नवे व्हिडिओ पाहू नयेत, असे आमचे ठाम मत झाले आहे. सकाळी सातला घरी येऊन पाहिलेले व्याख्यान दुपारी उठल्यावर आठवत नाही, पण पाहिल्याचे समाधान मात्र राहते, आणि तेच घातक. थर्ड शिफ्ट येणार असेल तर त्या आठवड्याची सगळी व्याख्याने गुरुवारीच संपवा, रात्रपाळीच्या दिवसांत फक्त असाइनमेंट करा.

कंपनीच्या बसमधला तास कामी येतो, पण सगळ्याला नाही. सिक्स सिग्माचा इतिहास, डिफाइन टप्पा, प्रोजेक्ट चार्टर, ग्राहकाचे म्हणणे नोंदवण्याच्या पद्धती हे कानांनी ऐकले तरी समजते. कंट्रोल चार्टचे स्थिरांक, हायपॉथेसिस टेस्टिंग, गेज आर अँड आर हे आकडेमोडीचे भाग बसमध्ये ऐकणे म्हणजे वेळ वाया. त्यासाठी टेबल, वही आणि पेन लागते. व्हिडिओ घरच्या वायफायवर आधी उतरवून ठेवा. ३६० पिक्सेलला अर्ध्या तासाचे व्याख्यान साधारण शंभर-दीडशे एमबीत बसते आणि फळ्यावरचे आकडेही वाचता येतात. वेग सव्वापट ठेवला तर अडीच तासांचे दोन तास होतात. दीडपटीला गणिताच्या पायऱ्या निसटतात.

इंग्रजी व्याख्यान कानाला जड जात असेल तर सबटायटल चालू ठेवा, आणि व्याख्यानाचा लिखित उतारा मिळत असेल तर तो आधी डोळ्यांखालून घाला. एनपीटीईएलच्या काही कोर्सचे उतारे मराठीतही भाषांतरित झाले आहेत. कोर्स निवडतानाच पाहावे. पण असाइनमेंट आणि परीक्षा इंग्रजीत असते, म्हणून वहीत मराठीत समजून घेतले तरी संज्ञा इंग्रजीच लिहा. वहीच्या शेवटच्या दहा पानांवर फक्त सूत्रे आणि संज्ञा. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात हीच दहा पाने उघडली जातात.

असाइनमेंटचे बारकावे नीट समजून घ्या. बहुतेक प्रश्न पर्यायांचे असतात. काहींत एकापेक्षा जास्त उत्तरे बरोबर असतात, तिथे गोल बटणाऐवजी चौकोनी खूण दिसते. घाईत हा फरक लक्षात येत नाही आणि एकच पर्याय निवडून माणूस पुढे जातो. "खालीलपैकी कोणते विधान चूक आहे" हा दुसरा सापळा. मुदतीपर्यंत कितीही वेळा सबमिट करता येते आणि शेवटचे सबमिशन धरले जाते. म्हणून सोमवारी अर्धी झालेली असाइनमेंटही सबमिट करून ठेवा. सगळी झाल्यावर एकदाच टाकू म्हणणाऱ्याची बुधवारी रात्री वीज जाते. सबमिट केल्यावर पानावर शेवटचे सबमिशन कधी झाले ती तारीख आणि वेळ दिसते. ती ओळ दिसल्याशिवाय पान बंद करू नका, आणि तिचा स्क्रीनशॉट घ्या.

आकडेमोडीत लोक कुठे घसरतात ते एका उदाहरणात पाहा. पिनचा व्यास १०.०० मिमी, टॉलरन्स अधिक-उणे ०.०५, म्हणजे वरची मर्यादा १०.०५, खालची ९.९५. सिग्मा (मापांचा सरासरीभोवतीचा पसारा, म्हणजेच स्टँडर्ड डेव्हिएशन) ०.०१२५. सीपी, म्हणजे प्रोसेसची मर्यादांत बसण्याची क्षमता, काढायचा तर मर्यादांमधले अंतर ०.१० भागिले सहा सिग्मा, म्हणजे ०.०७५. उत्तर १.३३. इथे पुष्कळांनी सिग्मा आधीच ०.०१३ करून टाकला. मग सहा सिग्मा ०.०७८ होतो आणि उत्तर येते १.२८. पर्यायांत १.२८ दिलेला असला की हात तिकडेच जातो. राउंडिंग फक्त शेवटच्या पायरीला करायचे, हे दहावीत शिकवलेले असते, पण पंधरा वर्षे एक्सेलने आकडे दिल्यावर हात विसरलेला असतो. पुढचा प्रश्न असा की प्रोसेसची सरासरी १०.०२ ला सरकली तर सीपीके, म्हणजे ते सरकणे हिशेबात धरलेली क्षमता, किती? जवळची मर्यादा वरची, अंतर ०.०३, भागिले तीन सिग्मा म्हणजे ०.०३७५, उत्तर ०.८०. इथे दोन चुका ठरलेल्या: तीनऐवजी सहा सिग्माने भागणे, आणि खालच्या मर्यादेचे अंतर घेणे. रोज शॉप फ्लोअरवर सीपीके बघणारे लोकही इथे चुकले, कारण तिथे सॉफ्टवेअर तयार आकडा दाखवते. आमच्या मते या कोर्सचा सगळ्यात मोठा फायदा हाच. आकडा कुठून येतो ते हाताने करून कळते, आणि १.३३ च्या सीपीचे मशीन नुसत्या सेटिंगमुळे ०.८० वर कसे येते ते कायमचे डोक्यात बसते.

तयार उत्तरे टेलिग्रामवर आणि यूट्यूबवर फिरतात. त्यातली बरीच चुकीची असतात, पण खरा तोटा तो नाही. तो गुणांच्या हिशेबातून दिसतो.

असाइनमेंटचे २५ गुण, परीक्षेचे ७५. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये बारापैकी सर्वोत्तम आठ असाइनमेंटची सरासरी धरतात. आठ आठवड्यांच्या कोर्समध्ये आठपैकी सहा, चार आठवड्यांच्या कोर्समध्ये चारपैकी तीन. म्हणजे बारा आठवड्यांत चार असाइनमेंट सुटल्या तरी एकही गुण जात नाही. गणपतीचा आठवडा आम्ही या हिशेबावर सोडला होता. पण ही सवलत पहिल्या चार आठवड्यांत उडवू नका. मधले संख्याशास्त्राचे आठवडे जड जातात, तेव्हा ती लागते.

प्रमाणपत्रासाठी दोन अटी स्वतंत्रपणे पूर्ण व्हाव्या लागतात: असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३०. समजा कोणी उत्तरे उतरवून असाइनमेंटला पूर्ण २५ मिळवले आणि परीक्षेत शंभरपैकी ३९ पडले. ३९ चे ७५ टक्के २९.२५. बेरीज ५४.२५ होते, तरी प्रमाणपत्र नाही. याउलट असाइनमेंटला स्वतःच्या डोक्याने सरासरी ८० मिळाले तर २० गुण, परीक्षेत ५६ पडले तर ४२, बेरीज ६२. साठपासून 'एलिट' शेरा मिळतो, ७५ पासून रौप्य, ९० पासून सुवर्ण. चाळीसएक वर्षांच्या, रोज आठ तास उभ्याने काम करणाऱ्या माणसाने ६२ मिळवले तर त्याने मान ताठ ठेवावी.

कोर्स फुकट असतो, परीक्षेला फी असते. आम्ही भरली तेव्हा ती एका विषयाला १,००० रुपये होती. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना निम्मी सवलत मिळते, त्यासाठी कागद जोडावा लागतो. भरताना त्या सत्राची फी पाहून घ्यावी. नोंदणी कोर्स चालू असतानाच उघडते आणि कोर्स संपण्याच्या बऱ्याच आधी बंद होते. "आधी जमतंय का बघू, मग फी भरू" म्हणणारे इथे अडकतात. आमचा सल्ला असा की पहिल्या तीन असाइनमेंट वेळेत गेल्या असतील तर फी भरून टाका. भरलेले हजार रुपये सातव्या आठवड्यात माणसाला खुर्चीत बसवतात. शहराचे पर्याय भरताना घराजवळचे शहर पहिले द्या. तरी केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला येऊ शकते, हे धरून चाला.

आणखी एक गोष्ट गुरुवारवाल्यांची. परीक्षा बहुधा शनिवार-रविवारी असते आणि आपला रविवार कामाचा. परीक्षेची तारीख कोर्सच्या पानावर सुरुवातीलाच दिलेली असते. ती पाहिली त्याच दिवशी सुपरवायझरकडे रजेचा अर्ज द्या. दिवाळीच्या सुमारास रजा मागणारे बरेच असतात, ऑगस्टमध्ये दिलेला अर्ज मंजूर होतो.

परीक्षा केंद्रावर, संगणकावर, तीन तासांची. सकाळचे किंवा दुपारचे सत्र. प्रवेशपत्राची छापील प्रत आणि मूळ ओळखपत्र लागते, मोबाइलमधले चित्र चालत नाही. एका केंद्रावर आमच्यातल्या एकाला याच कारणाने दारात थांबवले. घरून आधार कार्ड येईपर्यंत पाऊण तास गेला. प्रवेशपत्रावर रिपोर्टिंगची वेळ असते, त्याच्याही अर्धा तास आधी पोहोचा. मोबाइल बाहेर ठेवावा लागतो, घड्याळ पडद्यावर असते.

आमच्या परीक्षेत कॅल्क्युलेटरही पडद्यावरचा होता आणि त्याची कोणी तयारी केली नव्हती. कीबोर्ड चालत नाही, एकेक आकडा माउसने दाबावा लागतो. वर्गमूळ काढायचे तर आधी संख्या, मग वर्गमूळाचे बटण. हातातल्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरच्या अगदी उलट. पाच रीडिंगचे स्टँडर्ड डेव्हिएशन घरी दोन मिनिटांत निघते, इथे पाच-सहा मिनिटे लागली. गेट परीक्षेसाठी असा पडद्यावरचा कॅल्क्युलेटर सरावाला मिळतो. शेवटच्या दोन आठवड्यांची सगळी गणिते त्यावरच करा. मेमरीची बटणे वापरायची सवय लागली की मधले उत्तर कागदावर उतरवून पुन्हा टाइप करावे लागत नाही, आणि पुन्हा टाइप करतानाच चुका होतात. पेपरचा क्रम म्हणाल तर आधी संज्ञांचे आणि विधानांचे प्रश्न, मग एका पायरीची गणिते, शेवटी लांबलचक. अडलेल्या प्रश्नाला खूण करून पुढे जाता येते.

तयारीला सर्वात उपयोगी वस्तू म्हणजे आपल्याच बारा असाइनमेंट. मुदत संपल्यावर उत्तरे पोर्टलवर दिसतात. कधी कधी एखाद्या प्रश्नाचे उत्तर मागाहून दुरुस्त होते आणि गुण बदलतात, म्हणून शेवटी प्रोग्रेसचे पान पुन्हा पाहा. चुकलेला प्रत्येक प्रश्न वहीत उतरवा आणि शेजारी का चुकलो ते लिहा: सूत्र, वाचन की राउंडिंग. आमच्या वह्यांत 'वाचन' हा शब्द सर्वात जास्त वेळा आला.

निकाल काही आठवड्यांनी लागतो आणि प्रमाणपत्र पोर्टलवरून उतरवून घ्यायचे असते. त्यावर फोटो, असाइनमेंटचे आणि परीक्षेचे वेगवेगळे गुण, बेरीज आणि पडताळणीचा क्यूआर कोड असतो. एचआरला फाइल देताना तो कोड स्कॅन करून दाखवला की पुढचे प्रश्न येत नाहीत. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगावी लागते, कारण मुलाखतीत ती चुकीची सांगितली जाते. हे प्रमाणपत्र म्हणजे ग्रीन बेल्ट (सिक्स सिग्मातली पात्रतेची एक पायरी) नव्हे आणि डिप्लोमाही नव्हे. बायोडाटात कोर्सचे नाव, संस्था, आठवडे आणि गुण एवढेच लिहा. जे लिहिले आहे ते तपासणाऱ्याला क्यूआर कोडवर जसेच्या तसे दिसते. आमच्याकडे स्किल मॅट्रिक्समध्ये, म्हणजे कोणाला कोणते काम किती येते त्याच्या तक्त्यात, 'एसपीसी'च्या (आकडेवारीने प्रोसेसवर नियंत्रण ठेवण्याच्या) रकान्यात त्यावरून एक पायरी वाढवून मिळाली. त्यासाठी प्रमाणपत्रासोबत आपल्याच लाइनवरच्या एका मशीनचा हाताने काढलेला सीपीके आणि त्याची पंचवीस सबग्रुपची (नमुन्यांच्या गटांची) आकडेमोड जोडली होती. सुपरवायझरने आधी ती आकडेमोड वाचली, प्रमाणपत्र नंतर.